परभाषेंतील ग्रंथकार : जोसेफ कॉनरॅड

इंग्रजी निबंधांत वर्गांत पहिला येणारा विद्यार्थी, कोणी परदेशी पाहुणा शाळेंत आला व त्यानें सहज नांव-गांव विचारलें, कीं खांबासारखा स्तब्ध उभा राहतो. आणि ज्याच्या वहींत ओळीओळीस लाल शाई दिसते असा दुसरा एखादा पुढें होऊन त्या पाहुण्याशीं खुशाल बोलूं लागतो. हा देखावा आम्हीं अनेकदां पाहिला आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. पालकांस त्याचें मोठें कोडें पडतें. ज्याला भाषा लिहितां येते त्याला ती बोलतां कां येऊं नये, आणि ज्याला बोलतां येते त्याची लेखणी कां अडखळावी, असें ते आम्हांस विचारतात.

ह्या कोड्याचा उलगडा व्याकरणाच्या पुस्तकांत शोधण्यापेक्षां एका ग्रंथकाराच्या चरित्रांत शोधणें आम्हांस अधिक लाभाचें वाटतें. तो ग्रंथकार जोसेफ कॉनरॅड. 'लॉर्ड जिम', 'नोस्ट्रोमो', 'हार्ट ऑफ डार्कनेस' ह्या त्याच्या कृति विश्वविद्यालयांतून इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासास नेमल्या जातात. पण हा मनुष्य जन्मानें इंग्रज नव्हता, इंग्लंडांत वाढला नव्हता, इंग्रजी शाळेंत एक दिवसही बसला नव्हता. वयाच्या विसाव्या वर्षीं तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हां त्याला इंग्रजींतील मोजकेच शब्द येत होते. इंग्रजी ही त्याची दुसरीही भाषा नव्हे. पोलिश व फ्रेंच ह्यांच्या मागून आलेली ती तिसरी भाषा होय.

कॉनरॅडचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजीं बर्डिचेव्ह येथें झाला. हें गांव आज युक्रेन देशांत आहे. त्या काळीं तें रशियाच्या झारच्या अमलाखालीं होतें, आणि स्वतंत्र पोलंड असें राज्य युरोपाच्या नकाशावर कोठेंच नव्हतें. मुलाचें पाळण्यांतील नांव युझेफ टेओडोर कोन्राड कोझेन्योव्स्की. वडील अपोलो हे कवि होते, भाषांतरकार होते, आणि देशभक्तही होते. १८६१ सालीं रशियन सरकारनें त्यांस वॉर्सा येथें पकडलें व दुसऱ्या वर्षीं बायकोमुलासह उत्तरेकडील व्होलोग्दा ह्या अति थंड गांवीं हद्दपार केलें. मुलगा तेव्हां अवघा चार वर्षांचा होता. त्या हालअपेष्टांनीं आई खंगत गेली व १८६५ सालीं क्षयानें वारली. पुढें घरांत राहिले दोघेच: दुःखानें खचलेले वडील, आणि बरोबरीचे सोबती नसलेला एक मुलगा.

ह्या काळांतील एक प्रसंग कॉनरॅडनें आपल्या आठवणींत सांगितला आहे. वडील शेक्सपियरच्या एका नाटकाचें पोलिश भाषांतर करीत होते. एके दिवशीं ते खोलींत नसतां मुलगा त्यांच्या खुर्चीवर चढला व गुडघे टेकून तीं सुटीं पानें वाचूं लागला. वडील दारांत येऊन उभे राहिले, तेव्हां आतां चांगलीच बोलणीं बसणार असें त्याला वाटलें. पण वडील रागावले नाहींत. समोरचें पान मोठ्यानें वाचून दाखव एवढेंच त्यांनीं सांगितलें. मुलानें तें वाचलें, आणि तें ऐकून त्यांस समाधान झालें. व्हिक्टर ह्यूगोच्या एका कादंबरीच्या पोलिश भाषांतराचीं मुद्रितेंही त्यानें वडिलांस अशींच वाचून दाखविलीं होतीं. पुढें इंग्रजीचा एवढा मोठा ग्रंथकार होणाऱ्या मनुष्याची शेक्सपियरशीं पहिली भेट मातृभाषेंत झाली, आणि तीही कानानें, जिभेनें व डोळ्यांनीं एकाच वेळीं झाली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. त्याच्या आयुष्यांत हीं तीन इंद्रियें पुन्हां अशीं एकत्र फारशीं आलीं नाहींत.

१८६९ सालीं क्राकोव येथें वडीलही वारले. अकरा वर्षांचा पोरका मुलगा प्रेतयात्रेच्या अग्रभागीं चालला. नंतर त्याचा सांभाळ मामांनीं केला. टाडेउश बोब्रोव्स्की हे मोठे व्यवहारी व काटेकोर गृहस्थ होते. भाच्यानें दर्यावर्दी व्हावें हा हट्ट त्यांस बिलकुल पसंत नव्हता, तरी अखेर त्यांनीं परवानगी दिली, आणि १८७४ च्या ऑक्टोबरांत सोळा वर्षांचा युझेफ फ्रान्समधील मार्सेय बंदरांत दाखल झाला. फ्रेंच त्याला बालपणापासून येत होती. आतां ती खलाशांच्या व बंदरावरील लोकांच्या तोंडून त्याच्या कानांत भरली. पॉल व्हालेरी ह्या फ्रेंच कवीनें पुढें नमूद केलें आहे कीं, कॉनरॅडची फ्रेंच अस्खलित असे व तिला दक्षिण फ्रान्सचा अस्सल हेल असे.

रशियाचा प्रजाजन म्हणून फ्रेंच जहाजांवर नोकरी करणें जेव्हां अशक्य झालें, तेव्हां १८७८ सालीं तो एका इंग्रजी आगबोटीवर चढला, व त्याच वर्षीं जून महिन्यांत लोस्टॉफ्ट येथें उतरला. तेथून न्यूकॅसलकडे कोळशासाठीं खेपा करणाऱ्या एका लहानशा गलबतावर त्यानें खलाशाची जागा धरली. त्या गलबतावरील पूर्व किनाऱ्याचे रांगडे खलाशी हेच त्याचे इंग्रजीचे पहिले पंतोजी. दोर, शीड, नांगर, वारा, जेवण, शिवी आणि थट्टा ह्यांचे शब्द त्याला त्यांच्याकडून मिळाले. दुसरे पंतोजी म्हणजे छापील कागद: वर्तमानपत्रें, कादंबऱ्या, आणि शेक्सपियरच्या समग्र नाटकांची पांच शिलिंगांची एक प्रत. फाल्मथ बंदरांत त्याचें जहाज दुरुस्तीस लागलें असतां सुतारांच्या हातोड्यांच्या ठणठणाटांत तो ही प्रत वाचीत बसे.

येथें क्षणभर थांबलें पाहिजे, कारण सर्व मर्म ह्यांत आहे. खलाशांच्या तोंडीं शेक्सपियरचे शब्द नव्हते, आणि शेक्सपियरचे शब्द त्याला उच्चारून दाखविणारें कोणी जवळ नव्हतें. म्हणजे त्याचें इंग्रजी दोन निरनिराळ्या दारांनीं आंत आलें: थोडें कानाच्या दारानें, पुष्कळसें डोळ्यांच्या दारानें, आणि घरांत आल्यावरही हे दोन पाहुणे कित्येक वर्षें एकमेकांस ओळखीत नव्हते!

जहाजावरील अधिकारी होण्यासाठीं लंडनांत तोंडी परीक्षा द्यावी लागे. लेखणीनें वेळ मारून नेण्याची सोय तेथें नव्हती. परीक्षक एकामागून एक संकटें कल्पून विचारीत आणि उमेदवारानें तेथल्या तेथें उत्तर द्यावयाचें. १८८० सालीं पहिल्या परीक्षेंत परीक्षकानें त्याला तासन् तास छळल्याचें वर्णन त्यानें मोठ्या विनोदानें केलें आहे. पुढच्या दोन्ही परीक्षांत मात्र तो पहिल्या खेपेस नापास झाला. ही गोष्ट त्यानें आठवणींत सांगितली नाहीं, ती दप्तरांतून बाहेर आली. (थोर पुरुषही आपलें गुणपत्रक घरीं दाखवितांना एखादें पान दुमडून ठेवतात, असें दिसतें.) १८८६ च्या ऑगस्टांत तो ब्रिटिश नागरिक झाला आणि नोव्हेंबरांत कप्तानाची परीक्षा उतरला. ज्यानें त्याला उत्तीर्ण केलें तो परीक्षक नंतर गप्पा मारीत बसला, व ह्या पेशांत आपणांस पोलिश मनुष्य भेटल्याचें आठवत नाहीं असें म्हणाला.

ह्या बारा बंदरांचें पाणी प्यालेल्या मनुष्यानें आमच्या मुंबईचेंही पाणी चाखलें होतें. १८८४ सालीं मद्रास येथें एका जहाजाच्या कप्तानाशीं बेबनाव झाल्यामुळें त्यानें तें जहाज सोडलें, मुंबई गांठली, आणि 'नार्सिसस' ह्या शिडाच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून तो यूरोपास गेला. त्या सफरीवर रचलेल्या, १८९७ सालच्या त्याच्या कादंबरीचा आरंभ मुंबई बंदरांत नांगरून पडलेल्या जहाजावरच होतो.

आतां मातृभाषेकडे वळूं. १८८१ सालीं मामांनीं भाच्यास पत्रांतून एक हिताची सूचना केली होती: प्रवासांत जें दिसतें तें पोलिशमध्यें लिहून वॉर्साच्या एका नियतकालिकाकडे पाठवीत जा, म्हणजे भाषा विसरणार नाहींस. पत्रें तो पोलिशमध्यें लिहीत राहिला. पण छापण्यासाठीं म्हणून त्यानें मातृभाषेंत कांहींच लिहिलें नाहीं. उलट १८८९ च्या शरदृतूंत, लंडनमध्यें एका भाड्याच्या खोलींत रिकामा बसला असतां, त्यानें एके दिवशीं एकाएकीं एक कादंबरी लिहावयास घेतली, आणि ती इंग्रजींत घेतली! बोर्निओच्या एका नदीकांठीं पाहिलेल्या एका डच व्यापाऱ्याच्या आठवणीवर ती बेतलेली होती. हें हस्तलिखित पुढील पांच वर्षें त्याच्याबरोबर फिरलें. १८९० सालीं तें आफ्रिकेंत कांगो नदीच्या भोवऱ्यांतून वांचलें. बर्लिनच्या स्टेशनावर तर विसरतां विसरतां राहिलें. त्याच कांगोच्या प्रवासांत, भोंवतालच्या अधिकाऱ्यांशीं दिवसभर फ्रेंच बोलावें लागत असतांही, आपली खासगी रोजनिशी तो इंग्रजींतच लिहीत होता. तींत शुद्धलेखनाच्या चुका आहेत, फ्रेंच वळणाचीं वाक्यें आहेत, पण लेखणीनें आपली वाट पक्की केली होती हेंही तींत दिसतें. १८९५ सालीं 'ऑलमेयर्स फॉली' ह्या नांवानें कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि कोझेन्योव्स्की हें इंग्रजी जिभेस न पेलणारें आडनांव टाकून ग्रंथकार जोसेफ कॉनरॅड झाला.

इंग्रजी कां निवडली, असें लोक त्याला जन्मभर विचारीत. आपण ती निवडलीच नाहीं, तिनेंच आपणांस दत्तक घेतलें, आणि इंग्रजींत लिहिलें नसतें तर आपण मुळींच लिहिलें नसतें, असें तो सांगे. फ्रेंच अधिक सफाईनें बोलतां येत असूनही फ्रेंचमध्यें ग्रंथ लिहिण्याचें धाडस त्यानें केलें नाहीं; तिच्या नियमांची चौकट त्याला फार कडक वाटे, तर इंग्रजी ही हवी तशी वळविण्याजोगी माती वाटे. म्हणजे जी भाषा चांगली बोलतां येई तींत तो लिहीना, आणि जी बोलतांना अडखळे तींत मात्र लिही.

अडखळे म्हणजे किती? त्याचा आद्य गुणग्राहक व मित्र एडवर्ड गार्नेट ह्यानें एक हकीकत दिली आहे. कॉनरॅड आपल्या दुसऱ्या कादंबरीचीं नुकतींच लिहिलेलीं पानें त्याला वाचून दाखवीत होता. तीं पानें ज्यानें लिहिलीं, तोच तीं वाचीत होता. तरी इतक्या शब्दांचे उच्चार चुकत होते कीं गार्नेटला अर्थ लावणें कठीण पडूं लागलें. तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, हे शब्द ह्या मनुष्यानें कधीं कोणाच्या तोंडून ऐकलेलेच नाहींत. ते त्यानें पुस्तकांतून उचलले आहेत. इंग्रजीचें लेखन एक सांगतें आणि उच्चार दुसरेंच सांगतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस काय सांगावें! देवनागरींत जसें लिहावें तसेंच बहुधा वाचावें, हा जन्माचा संस्कार ज्यांस आहे त्यांस कॉनरॅडची अडचण सहज समजेल. पोलिशचें लेखनही बरेंचसें उच्चाराबरहुकूम चालणारें आहे.

तरी लेखणी सुखानें चालत होती असें कोणीं समजूं नये. एकेका वाक्यासाठीं तो तासन् तास कागदाकडे पाहत बसे. पत्रांतून आपल्या मंदगतीबद्दल मित्रांजवळ रडगाणें गाई. फोर्ड मॅडॉक्स फोर्ड ह्याच्याबरोबर त्यानें कांहीं ग्रंथ मिळून लिहिले. नेमका शब्द सांपडेना म्हणजे हे दोघे फ्रेंचमध्यें वाद घालीत, असें फोर्ड सांगतो. विशेषणें नामाच्या मागून तीन-तीनच्या जुडग्यानें आणण्याची कॉनरॅडची लकब पोलिश व फ्रेंच वळणाची आहे असें जाणकार म्हणतात. क्रियापदांच्या बारीकसारीक चुका तर अखेरपर्यंत गेल्या नाहींत. परंतु आमचें मत असें कीं, ह्या मंदगतीनेंच त्याला थोर केलें. मातृभाषेंत शब्द आपोआप येतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाहीं. परक्या भाषेंतला प्रत्येक शब्द नाण्यासारखा वाजवून घ्यावा लागतो. बोलतांना एवढी सवड कोण देतो? समोरचा मनुष्य थांबत नाहीं, कागद थांबतो.

ह्याची किंमत त्यानें कशी भरली, हें त्याच्या संसारांत दिसतें. १८९६ सालीं त्यानें जेसी जॉर्ज ह्या इंग्रज तरुणीशीं विवाह केला. विवाहानंतर थोड्याच दिवसांत, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील एका बेटावर राहत असतां, त्याला जोराचा ताप भरला आणि वातांत तो पोलिश बडबडूं लागला. नवी नवरी उशाशीं बसलेली. नवरा काय मागतो आहे, कोणास हांक मारतो आहे, तिला कांहींच कळेना. तिनें हा प्रसंग पुढें लिहून ठेवला आहे. पांच वर्षांनीं, १९०१ सालीं, कॉनरॅडनें 'एमी फॉस्टर' नांवाची कथा लिहिली. तींत जहाज फुटून इंग्लंडच्या किनाऱ्यास लागलेला एक डोंगराळ मुलुखांतला तरुण तेथील भोळ्या मुलीशीं लग्न करतो. एके रात्रीं तापाच्या भरांत तो स्वतःच्या भाषेंत पाणी मागतो. ती परकी भाषा ऐकून बायको घाबरते आणि मूल उराशीं धरून घर सोडून पळते. आणि तो एकटा मरतो. जेसी पळाली नाहीं, ती अखेरपर्यंत त्याच्या जवळ राहिली, हें तिच्या थोरपणाचें. पण ही भीति त्याच्या मनांत किती खोल बसली होती, हें त्या कथेवरून कळतें.

ही भीति पुन्हां एकदां खरी ठरली. १९१० च्या जानेवारींत, एक मोठी कादंबरी नुकतीच संपवून थकलेला असतां, त्याचें आपल्या प्रकाशनाचा व्यवहार पाहणाऱ्या मध्यस्थाशीं पैशांवरून भांडण झालें. आणि त्या भरांत तुम्ही धड इंग्रजी बोलत नाहीं, असें तो मध्यस्थ बोलून गेला. इंग्रजींत इतके ग्रंथ लिहिणाऱ्या मनुष्यास ह्याहून वर्मीं लागणारा घाव दुसरा कोणता? कॉनरॅड तो शब्द विसरला नाहीं. नंतरच्या पत्रांत त्यानें त्याची आठवण दिली. भांडणापाठोपाठ तो अंथरुणास खिळला, आणि त्या दुखण्यांत पुन्हां पोलिशच बोलत राहिला.

दुसऱ्या बाजूनें स्वदेशाचा घाव होताच. १८९९ सालीं एलिझा ओझेश्कोवा ह्या नामांकित पोलिश लेखिकेनें, परक्यांच्या भाषेंत पैशासाठीं लिहिणारा म्हणून त्याच्यावर जाहीर टीका केली होती. त्यानें तोंडानें फारसें उत्तर दिलें नाहीं. पण १९१४ च्या उन्हाळ्यांत तो बायकोमुलांसह पोलंडास गेला, तेथें महायुद्धांत अडकून पडला, आणि एका नातलग स्त्रीनें वाचावयास म्हणून त्या लेखिकेचें पुस्तक पुढें केलें, तेव्हां पंधरा वर्षांचा दाबलेला राग उसळून आला. त्या भेटींत त्याचें बोलणें ऐकून पोलिश लोकांस नवल वाटलें. चाळीस वर्षें परदेशीं काढलेल्या ह्या मनुष्याची पोलिश शुद्ध होती. फक्त त्याच्या जन्मप्रांताचा जुना हेल तींत ऐकूं येई. जिभेनें कांहींच गमावलें नव्हतें. परंतु त्याच्या दोघां मुलांस मात्र वडिलांची भाषा येत नव्हती. ती त्यानें त्यांस शिकविली नाहीं. आम्हांस विचाराल तर ह्या सर्व चरित्रांत ही एकच गोष्ट मनास लागून राहते.

१९२३ च्या मे महिन्यांत तो अमेरिकेस गेला. तेव्हां तो कीर्तीच्या शिखरावर होता. पण न्यूयॉर्क येथें एका श्रीमंत बाईंच्या घरीं निमंत्रित मंडळींपुढें आपल्या कादंबरींतील कांहीं भाग वाचावयाचा होता, ह्या विचारानेंच त्याच्या छातींत धडकी भरली होती. उच्चारांविषयीं त्याला नेहमींच लाज वाटे. तरी त्यानें नायिकेच्या मृत्यूचा प्रसंग वाचला. शब्द सर्वांस नीट कळले असतील असें नाहीं. पण पुष्कळांचे डोळे पाणावले.

दुसऱ्या वर्षीं ब्रिटिश सरकारनें देऊं केलेली 'सर' ही पदवी त्यानें नम्रपणें नाकारली. ३ ऑगस्ट १९२४ रोजीं कॅंटरबरीजवळील बिशप्सबोर्न गांवीं त्याचें देहावसान झालें. कॅंटरबरी येथें रोमन कॅथॉलिक विधीनें त्याचें दफन झालें. थडग्यावरील दगडावर त्याचें नांव कोरलें आहे, तें जोसेफ व कॉनरॅड हे शब्द इंग्रजी धर्तीचे आणि शेवटीं आडनांव पोलिश, असें आहे. आणि मधलें टेओडोर हें नांव कोरणाऱ्यानें चुकीचें कोरलें आहे. तें तसेंच आहे.